पायरी आणि मींड

कंठांतून निघालेला षड्ज हवेला सेकंदाला दोनअडीचशें वेळां हालवितो. पण त्याच षड्जावरून पंचमाकडे नेणारी मींड पुरी करावयास गवयाला कधीं कधीं सबंध एक सेकंद लागतो. म्हणजे एकाच गळ्यांत दोन वेग नांदत असतात. एक ध्वनीचा वेग, अतिशय शीघ्र. दुसरा त्या ध्वनीला वळण देणाऱ्या इच्छेचा, पुष्कळच मंद. सतारीची तार कांपते ती पहिल्या वेगानें, आणि ती तार पडद्यावर ओढणारें बोट चालतें तें दुसऱ्या वेगानें. पेटीची पट्टी थरथरते पहिल्यानें, भाता हालतो दुसऱ्यानें. मनुष्याच्या देहांत आणि लांकडी वाद्यांत हे दोन वेग इतके एकजीव झालेले असतात कीं, त्यांचा सांधा कोठें आहे असें कोणास विचारावेंसें वाटत नाहीं. पण माणूस आंकड्यांनीं ध्वनि बनवूं लागला, तेव्हां हा सांधा उघडा पडला आणि तो बुजवावा कसा, हा प्रश्न यंत्रशास्त्रज्ञांपुढें उभा राहिला. ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट अशी कीं, महाराष्ट्रांतील संगीतज्ञांनीं हाच प्रश्न त्यापूर्वीं कित्येक वर्षें निराळ्या भाषेंत चर्चिला होता.

त्याचें एक रूप स्वरलेखनांत दिसतें. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे मुंबईचे राहणारे आणि शिक्षणानें वकील. त्यांनीं ठिकठिकाणच्या घराण्यांतील चिजा मिळविल्या आणि त्या कागदावर उतरविण्यासाठीं एक स्वरलिपि रूढ केली. सा, रे, ग, म हीं अक्षरें कागदावर सुटीं सुटीं बसतात. दोन अक्षरांच्या मधल्या रिकाम्या जागेंत आवाज कोठें असावा, याविषयीं कागद मुका असतो. म्हणून मींड असेल तेथें स्वरांवर एक कमान काढावयाची, अशी योजना या लिपींत आहे. ती कमान गाणाराला एवढेंच सांगते कीं, येथें उडी मारूं नको, मधली वाट चालून जा. ती वाट कशी चालावयाची हें कमान सांगत नाहीं. तें शिष्यानें गुरूच्या तोंडून घ्यावयाचें. मंद वेगानें लिहिलेल्या खुणांतून अखंड नाद निर्माण करणारा दुभाष्या येथें गवई स्वतःच असतो.

यंत्रानें हें काम करूं पाहिलें, तेव्हां वादास तोंड फुटलें. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवरील आपलें पुस्तक प्रसिद्ध केलें. श्रुतींचीं मापें ताडून पाहण्याच्या कामीं त्यांना अब्दुल करीम खांसाहेबांच्या गळ्याचें साह्य झालें. न्यायखात्यांतील एक इंग्रज अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांनीं देवलांचें म्हणणें उचलून धरलें, आणि सप्तकांत बावीस श्रुति वाजविणारी पेटी तयार करविली. बडोदें येथें १९१६ सालीं पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तींत ही श्रुतिपेटी मांडण्यांत आली व तिच्यावर चर्चा झाली. भातखंडे यांच्यासारख्या जाणत्यांस ती पटली नाहीं. चर्चेचा रोख श्रुतींच्या मापांवर होता. परंतु मापें बाजूस ठेवलीं तरी एक गोष्ट उरते. साध्या पेटींत सप्तकाच्या बारा पायऱ्या. श्रुतिपेटींत त्या बावीस झाल्या. पायऱ्या लहान झाल्या, दाट झाल्या; पण त्या पायऱ्याच राहिल्या. जिन्याला कितीहि पायऱ्या घातल्या तरी त्याचा उतार होत नाहीं.

पुढें हाच आक्षेप साध्या पेटीवर फार जड जाऊन पडला. ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं हार्मोनियमला आपल्या कार्यक्रमांतून वगळलें. दिल्ली केंद्रावरील पाश्चात्य संगीताचे प्रमुख जॉन फोल्ड्स यांनीं तिच्याविरुद्ध आधींच लेखणी उचलली होती, आणि रवीन्द्रनाथ ठाकुरांसारख्यांचीहि तिच्यावर खप्पा मर्जी होती. आरोप मुख्यतः दोन: तिचे सूर ठरीव व समविभागी, म्हणून श्रुतिशुद्ध नव्हेत, आणि तिला मींड व गमक साधत नाहींत. ही बंदी सैल व्हावयास १९७१ साल उजाडावें लागलें. म्हणजे एकतीस वर्षें ज्या वाद्यावर घरोघरचीं मुलें सा रे ग म शिकत होतीं, आणि ज्याच्या साथीवर मराठी रंगभूमीचें गाणें पोसलें होतें, तें वाद्य आकाशवाणीच्या दारांत उभें होतें. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्यासारख्या वादकांनीं बोटांच्या चपळाईनें, मधल्या सुरांना ओझरता स्पर्श करून, मिंडीचा भास उत्पन्न केला होता, हें खरें. पण तो भास होता, आणि तोहि वादकाच्या हाताचा. वाद्याच्या घडणींत मींड नव्हती.

याच सुमारास अमेरिकेंत दुसरा प्रवाह सुरूं होता. न्यूयॉर्कच्या १९३९ सालच्या जागतिक प्रदर्शनांत बेल टेलिफोन कंपनीनें व्होडर नांवाचें बोलणारें यंत्र लोकांपुढें मांडलें. तें होमर डडले यांच्या कल्पनेचें फळ. यंत्राच्या आंत विजेचा एक गुणगुणाट अखंड चाले. चालविणारी स्त्री बोटांनीं कळा दाबून त्या गुणगुणाटाचें शब्द बनवी, आणि आवाजाची उंची पायाखालच्या पेडलनें वरखालीं करी. उंचीसाठीं पेडल योजण्यांत मर्म होतें, कारण बोलण्यांतला सूर पायऱ्यांनीं चढत नाहीं. पुढल्या वर्षीं डडले यांनीं आपला विचार लेखरूपानें मांडला: तोंडाच्या, जिभेच्या व ओठांच्या हालचाली मुळांत फार सावकाश, कानाला ऐकूंहि न येणाऱ्या असतात; कंठांतील शीघ्र नाद हें त्यांचें वाहन होय. दोन वेगांची ही फोड त्यांनीं स्पष्टपणें केली, हें त्यांचें मोठें श्रेय.

आंकड्यांचा ध्वनि १९५७ सालीं जन्मास आला. बेल प्रयोगशाळेंतील मॅक्स मॅथ्यूज यांनीं आय्. बी. एम्. ७०४ या गणकयंत्राकडून 'म्युझिक' या प्रोग्रॅमच्या साह्यानें एक गत वाजवून घेतली. न्यूमन गटमन यांची ती रचना अवघी सतरा सेकंदांची होती. यांतील तत्त्व साधें आहे. लाउडस्पीकरचा पडदा क्षणोक्षणीं कोठें असावा हें एकेका आंकड्यानें सांगावयाचें. मनुष्याच्या कानाला सेकंदाला सुमारें वीस हजार कंपनांपर्यंत ऐकूं येतें. तेवढें सगळें टिपावयाचें तर त्याच्या दुपटीहून अधिक आंकडे लागतात. पुढें १९८२ सालीं कॉम्पॅक्ट डिस्क बाजारांत आली, तिनें सेकंदाला ४४,१०० हा हिशेब रूढ केला. एवढे आंकडे सिद्ध करावयाचे म्हणजे प्रत्येक आंकड्यामागें गुणाकार-बेरजांचा ढीग उपसावयाचा. त्या काळच्या यंत्रांस एका सेकंदाचा नाद तयार करण्यास सेकंदामागून सेकंद, पुष्कळदां मिनिटें, लागत.

काटकसर करणें भाग होतें, आणि ती कोठें करावी हें डडले यांच्या विचारांतच सुचविलेलें होतें. सुराची कंपनें शीघ्र असतात, तीं प्रत्येक आंकड्यास मोजलींच पाहिजेत. पण सूर हळूहळू मोठा होणें, कंप घेणें, एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकणें, या गोष्टी मंद आहेत; त्यांचा हिशेब सेकंदाला ४४,१०० वेळां करणें हा अपव्यय होय. न्यूझीलंडमध्यें जन्मलेले व अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशिक्षणसंस्थेंत काम करणारे बॅरी व्हर्को यांनीं १९७० नंतरच्या दशकांत 'म्युझिक ११' या प्रोग्रॅममध्यें ही विभागणी पद्धतशीर केली. त्यांतूनच १९८६ च्या सुमारास 'सीसाउंड' निघाला, आणि तो आजहि वापरांत आहे. त्यांत प्रत्येक राशीच्या नांवाचें पहिलें अक्षर तिची जात सांगतें: 'ए' असेल तर ती ध्वनि-वेगाची, 'के' असेल तर नियंत्रण-वेगाची. आंकडे गठ्ठ्यागठ्ठ्यांनीं घ्यावयाचे. नियंत्रणाचा हिशेब गठ्ठ्यामागें एकदांच करावयाचा. मिलर पकेट यांचा 'प्युअर डेटा' आणि जेम्स मॅकार्टनी यांचा 'सुपरकोलायडर' हे दोन्ही प्रोग्रॅम १९९६ च्या सुमाराचे. त्यांत हा गठ्ठा सामान्यतः ६४ आंकड्यांचा असतो. ४४,१०० ला ६४ नीं भागिलें असतां सुमारें ६८९ येतात. म्हणजे नियंत्रणाचें गणित सेकंदाला ४४,१०० च्या ऐवजीं ६८९ वेळांच करावें लागतें. मेहनत चौसष्टांश होते.

पण कोणतीहि काटकसर फुकट मिळत नाहीं. गठ्ठ्याच्या आरंभीं नियंत्रणानें आवाजाची पातळी सांगितली. पुढील ६४ आंकडे ती पातळी तशीच राहिली. मग एकदम दुसरी पातळी आली. सूर हळूहळू मोठा व्हावयाचा, त्याऐवजीं तो सेकंदाला ६८९ पायऱ्यांनीं चढला. या पायऱ्या डोळ्यांना दिसल्या नसत्या, पण कानाची गोष्ट निराळी. सेकंदाला ६८९ वेळां होणारा धक्का हा स्वतःच एक नाद आहे. मध्यम सप्तकांतल्या षड्जाच्या दीडपावणेदोन सप्तकें वर कोठें तरी तो बसतो. म्हणून मुळच्या सुराच्या अंगावर एक बारीक करकर उमटते. कपड्याची चेन भरकन् ओढावी तसा तो आवाज, आणि इंग्रजींत त्याला चेनीचेंच, म्हणजे झिपरचें, नांव मिळालें आहे. येथें सांगलीच्या श्रुतिपेटीची आठवण होते. गठ्ठा लहान केला, पायऱ्या दुप्पट केल्या, तर करकर कमी होते व वरच्या पट्टींत जाते. पण मेहनत दुप्पट होते आणि पायरी कांहीं जात नाहीं.

यावरील खरा उपाय पायऱ्या वाढविण्यांत नाहीं, दोन पायऱ्यांच्या मधली जागा भरण्यांत आहे. समजा, मागच्या गठ्ठ्याची पातळी ०.२० होती आणि नवी ०.८४ आली. फरक ०.६४. तो ६४ नीं भागावा, म्हणजे ०.०१ मिळतात. मग प्रत्येक आंकड्यागणिक फक्त ०.०१ मिळवीत जावें. एकच भागाकार आणि ६४ साध्या बेरजा. एवढ्या स्वस्तांत जिन्याचा उतार होतो. नियंत्रण-वेगाच्या राशीचें ध्वनि-वेगाच्या राशींत रूपांतर करण्याचा हाच सर्वसामान्य मार्ग. सीसाउंडमध्यें याकरितां दोन निरनिराळीं साधनें ठेवलेलीं आहेत, आणि त्यांतील भेद मार्मिक आहे. 'अपसँप' हें साधन मंद किंमत तशीच धरून ठेवतें, म्हणजे पायरी कायम राखतें. 'इंटर्प' हें मधल्या किंमती सरळ रेषेनें भरतें. सुपरकोलायडरमध्यें 'के-टू-ए' हें साधन भरणीचेंच काम करतें. प्युअर डेटामध्यें 'सिग' पायरी देतें, 'लाइन' उतार देतें. पेटी आणि सारंगी यांतला फरक अशा रीतीनें प्रोग्रॅमच्या शब्दकोशांत येऊन बसला आहे.

मात्र उतार बांधावयास दोन्ही टोकें माहीत असावीं लागतात. पुढची किंमत हातीं आल्यावांचून तिकडे जाणारी रेषा काढतां येत नाहीं. म्हणून नवी किंमत समजली तरी तिथपर्यंत पोहोंचण्यास एक गठ्ठा जावा लागतो. ६४ आंकड्यांच्या गठ्ठ्यांत हा उशीर सुमारें दीड सहस्रांश सेकंदाचा. शिवाय अगदीं पहिल्या गठ्ठ्यापूर्वीं मागची किंमतच नसते. ती शून्य धरली तर सूर विनाकारण तळापासून वर चढत येतो. म्हणून आरंभींची किंमत सांगण्याची सोय 'इंटर्प'मध्यें मुद्दाम ठेवावी लागली आहे.

मऊपणासाठीं उशिराची किंमत मोजावी लागते, हा कांहीं केवळ यंत्राचा नियम नव्हे. निसर्गांतहि तो दिसतो. मुळशीच्या धरणाचें पाणी सह्याद्रीवरून खालीं भिरा येथील वीजघरांत उतरतें. तें वीजघर १९२७ सालीं सुरूं झालें. यंत्रें फिरूं लागलीं कीं सुटलेलें पाणी कुंडलिका नदींत येतें. वीजघरापाशीं हा बदल एकाएकीं होतो. घटकेपूर्वीं उघडे असलेले दगड पाहतां पाहतां बुडतात. पण तीच नदी खालीं रोहें आणि त्याच्या समोरच्या तीरावरील अष्टमी यांच्याकडे वाहूं लागली, म्हणजे वाटेंतील डोह, वळणें व खडक त्या लोंढ्याची धार बोथट करीत जातात. वरचा बदल खालीं जितका दूर जावा, तितका तो सौम्य होतो, आणि तितकाच उशिरां पोहोंचतो. यंत्रांतहि असा एक दुसरा उपाय आहे: मंद राशीला नदीच्या पात्रासारखी थोडी जडता द्यावयाची, म्हणजे ती नव्या किंमतीकडे एकदम न जातां रेंगाळत जाते. सरळ रेषेपेक्षां ही चाल अधिक मऊ असते. पण नदीप्रमाणेंच ती मागें राहते.

येवढ्यानें मींड सिद्ध झाली काय? नाहीं, आणि येथेंच गवयाचें म्हणणें पुन्हां ऐकावें लागतें. षड्ज २४० कंपनांचा धरला, तर पंचम ३६० चा होतो. या दोहोंमध्यें सरळ रेषा ओढली, तर अर्ध्या वाटेवर ३०० कंपनें येतात, म्हणजे नेमका शुद्ध गांधार. पण कान बेरजेनें मोजीत नाहीं, तो गुणोत्तरानें मोजतो. कानाच्या हिशेबानें षड्ज व पंचम यांचा मध्य सुमारें २९४ कंपनांवर आहे, गांधाराच्या खालीं. दीड सहस्रांश सेकंदाच्या चिमुकल्या अंतरांत या दोन हिशेबांतला फरक कोणासहि कळणार नाहीं. तेथें सरळ रेषा पुरेशी आहे. परंतु नियंत्रणानें जर दोनच टोकें दिलीं आणि मधला सबंध सेकंद सरळ रेषेवर सोंपविला, तर चाल खोटी होते. शिवाय खरी मींड कोणत्याच एका नियमानें चालत नाहीं. ती कोठें थबकते, कोठें मधल्या स्वराचा कण घेते, कोठें शेवटीं अलगद टेंकते. रूपांतराची क्रिया फक्त दोन जवळच्या ठिपक्यांमधली फट बुजविते. ठिपके कोठें पडावेत हें ती ठरवीत नाहीं.

ते ठिपके शोधण्याचें काम मुंबईंतच झालें, हें महाराष्ट्राला भूषणावह आहे. नरिमन पॉइंट येथील राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्राशीं, म्हणजे एन्. सी. पी. ए. शीं, संबंध ठेवून बर्नार्ड बेल, जेम्स आर्नोल्ड प्रभृति संशोधकांनीं १९८० नंतर गाण्यांतील सुराची रेषा काढून दाखविणारें यंत्र वापरांत आणलें. पुढें त्याच संस्थेंत सुवर्णलता राव आणि वीम व्हॅन डर मीर यांनीं 'ऑट्रिम' या योजनेखालीं नामवंत कलावंतांचें गाणेंवाजवणें रेषारूपानें पडद्यावर आणलें; गाणें चालूं असतां सुराची रेषा डोळ्यांपुढून सरकत जाते. तिच्यांत मींड डोळ्यांना दिसते, आणि ती ना जिना असतो ना सरळ उतार. अशा कामांत सुराची उंची सर्वसाधारणपणें सेकंदाला शंभरएक वेळां टिपतात. म्हणजे ही रेषा नियंत्रण-वेगाचीच राशि होय. भातखंड्यांच्या कमानीनें जें गुरुमुखावर सोडलें होतें, त्याचा बराचसा भाग या शंभर ठिपक्यांत सांपडतो. आणि उरलेलें सांधण्याचें काम आतां यंत्राकडे देतां येतें.

तथापि सर्वच कांहीं सांधूं नये, हेंहि तितकेंच खरें. तबल्यावरील थाप, मिजराबाचा आघात, तराण्यांतील बोलाची धार या गोष्टींना उतार नको असतो. त्यांच्या आरंभीं मऊपणा घातला तर ठोका पाण्यांत पडल्यासारखा वाजतो. साध्या मांडणींत ठोका गठ्ठ्याच्या सीमेवरच सुरूं होऊं शकतो, म्हणून गठ्ठा मोठा असेल तर लयहि किंचित् ढळते. अशा जागीं मंद वेगाची काटकसर सोडून पहिल्यापासून ध्वनि-वेगानेंच हिशेब करावा लागतो. म्हणून जाणता प्रोग्रॅमकार प्रत्येक राशीबद्दल एकच प्रश्न विचारतो: ही चालत जाणारी आहे कीं उडी घेणारी?

आज यंत्रें इतकीं शीघ्र झालीं आहेत कीं, गठ्ठा एका आंकड्याचा करून दोन्ही वेग एकच करणें पुष्कळदां शक्य असतें. तरीहि विभागणी टिकून आहे, कारण एका वेळीं शेंकडों सूर वाजवावयाचे झाले म्हणजे ती अजूनहि उपयोगी पडते. पण तिचा खरा धडा काटकसरीचा नव्हे. बडोद्याच्या परिषदेंत वाद झाला तो सप्तकाला पायऱ्या किती आणि त्या नेमक्या कोठें, याविषयीं. पुढें रेडिओनें पेटीला दार लावलें, तेव्हां सूर कोठें या प्रश्नाच्या जोडीला सूर कसा जातो हा प्रश्नहि उभा होता. परंतु त्याचें उत्तर बंदीनें मिळालें नाहीं. तें मिळालें एका साध्या भागाकारानें आणि चौसष्ट बेरजांनीं, आणि त्याहून अधिक, मींड कशी चालते हें बारकाईनें पाहणाऱ्या मुंबईच्या संशोधकांच्या रेषेनें. यंत्राला मींड येत नाहीं असें म्हणण्याचे दिवस त्यामुळें सरले. आतां उरलें तें एवढेंच कीं, यंत्राला मींड शिकविणाऱ्यानें ती आधीं ऐकलेली असली पाहिजे.